कोअर शूटरशेजारची टाकी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली आमची फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, तशी लहान. ग्रे आयर्नचं काम, जास्त करून पंपांच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरचे काही पार्ट. करोनानंतर ऑर्डरी वाढल्या तेव्हा मालकांनी नवा शेल कोअर शूटर (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी लागणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, हवेच्या झटक्याने बनवणारं मशीन) घेतला आणि जागा होती म्हणून शेडच्या पार दुसऱ्या टोकाला बसवला. हवेचं दुखणं तिथून सुरू झालं.

शूटरने शॉट मारला की त्याच लाइनवरचा मोल्डिंगवाला ओरडायचा, "हवा गेली ओ!" स्क्वीझ (साच्यातली वाळू दाबणं) अर्धवट व्हायचा, साचा मऊ राहायचा आणि धातू ओतल्यावर कास्टिंग फुगायचं. खुद्द शूटरवरही क्लॅम्प सैल पडून कोअर बॉक्सच्या फटीतून गरम वाळू बाहेर उडायची. तिथल्या गेजवर शॉटच्या वेळी काटा साडेसहा किलोवरून पावणेपाचवर यायचा. (शॉपवर प्रेशर किलोतच बोलतात, चौरस सेंटिमीटरला किलो.) त्याच क्षणी कॉम्प्रेसर रूममध्ये गेज सात दाखवत असायचं. एका लाइनच्या दोन टोकांना दोन वेगळी जगं.

यावर सगळ्यांना सुचतो तो उपाय आमच्याकडेही झाला. कॉम्प्रेसरचं सेटिंग वाढवून वरचा आकडा आठ किलोवर नेला. शूटरवरचा काटा जेमतेम पाचाला टेकला, पण विजेचं बिल मात्र नीट वाढलं. दाब एक किलोने वाढवला की स्क्रू कॉम्प्रेसर साधारण सहा-सात टक्के जास्त वीज खातो. शिवाय लाइनवरची प्रत्येक गळती आणि प्रत्येक उघडी ब्लो गन वाढलेल्या दाबाला जास्त हवा सोडते, म्हणजे आपणच आपली मागणी वाढवतो. मग एका विक्रेत्याचा माणूस आला, शेडमधून एक फेरी मारली आणि ५० एचपीचं कोटेशन ठेवून गेला. आमचा कॉम्प्रेसर ४० एचपीचा, नेमप्लेटवर १८० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १८० घनफूट हवा. मालक मला म्हणाले, "घेऊ या का? का अजून काय बघायचंय तुम्हाला?"

बघायचं होतं. मेंटेनन्स माझ्याकडे आहे आणि ज्या मशीनवर ठपका येतो ते आधी मोजावं, असं मला वाटतं.

कॉम्प्रेसर मोजायला बाहेरून कुणाला बोलवावं लागत नाही, टाकीच मोजमाप देते. टाकीचा पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा, टाकी पूर्ण रिकामी करायची, कॉम्प्रेसर लोडवर (म्हणजे हवा देत) सोडायचा आणि शून्यापासून सातपर्यंत काटा किती सेकंदांत जातो ते घड्याळावर बघायचं. आमची टाकी ५०० लिटरची. पण रिकामी करायला गेलो तर खालचा ड्रेन कॉक जाम. आमच्या फिटर मामांनी हवा सोडून, कॉक काढून तारेने भोक मोकळं केलं आणि चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं. ते थांबेचना. बादल्या लावल्या, त्या भरतच राहिल्या. शंभर लिटरच्या वर पाणी निघालं. म्हणजे ज्या टाकीला आम्ही ५०० लिटरची समजत होतो, तिच्यात हवेला जागा ४०० लिटरचीसुद्धा नव्हती. मामा म्हणाले, "साहेब, ही हवेची टाकी न्हाई, ही तर विहीर हाय."

पाणी काढून चाचणी घेतली. ५०० लिटरची टाकी सात किलोपर्यंत भरायची म्हणजे ढोबळमानाने ३५०० लिटर मोकळी हवा (बाहेरची, न दाबलेली) आत ढकलायची. त्याला ४३ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ८१ लिटर. टाकीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, म्हणून तेवढी वजावट केली, तर ७७ लिटर. १६३ सीएफएम. इतकी वर्षं चाललेल्या मशीनच्या मानाने हे चांगलंच म्हणायचं.

दुसरं मोजमाप त्याहून सोपं. कंट्रोलरच्या पडद्यावर चालू तास आणि लोड तास वेगवेगळे दिसतात. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही आकडे वहीत लिहिले, असं काही पाळ्या केलं. कॉम्प्रेसर लोडवर होता साधारण ६० टक्के वेळ. उरलेला वेळ तो नुसता फिरत होता, हवा न देता. म्हणजे सरासरी खप सेकंदाला ४६ लिटर आणि तयार करण्याची ताकद ७७. शिलकीतला कारखाना, आणि तरी हवा कमी! ५० एचपीचा नवा कॉम्प्रेसर आणला असता, तर तो ४० टक्क्यांऐवजी त्याहून जास्त वेळ रिकामा फिरला असता आणि शूटरवरचा काटा तसाच खाली आला असता.

मग शूटरकडे वळलो. या मशीनच्या पोटात स्वतःची एक छोटी शॉट टाकी असते, आमच्याकडची ७५ लिटरची. ती चार किलोला भरते आणि मग झटक्यात वाळूवर सुटते. ७५ गुणिले चार, म्हणजे शॉटमागे ३०० लिटर मोकळी हवा. ही टाकी पुन्हा भरायला मशीन घेते फक्त चार सेकंद. चार सेकंदांत ३०० लिटर म्हणजे सेकंदाला ७५ लिटर, आख्ख्या कॉम्प्रेसरची हवा! त्यानंतर मात्र कोअर भाजेपर्यंत मशीन जवळपास काहीच मागत नाही. मिनिटाला एक शॉट धरला, तर सरासरी सेकंदाला पाच लिटर. सरासरी पाच आणि भूक पंच्याहत्तरची. त्यात शूटरकडे जाणाऱ्या लाइनचे शेवटचे चाळीस मीटर एक इंची जीआय पाइप. एवढी हवा एकदम त्या पाइपातून खेचायची, तर वाटेत दीड-पावणेदोन किलो पडणारच. कॉम्प्रेसर रूममधलं गेज खरंच बोलत होतं. तिकडे हवा होती, पण चार सेकंदांत ती इकडे पोचत नव्हती.

याला उतारा म्हणजे शूटरच्या बाजूलाच साठा. हे मालकांना समजावताना मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं: नळाला पाणी बारीक येतं, पण टाकी रात्रभर भरत राहते आणि सकाळी घरातले सगळे एकदम आंघोळी उरकतात. उदाहरण पटलं, पण एका बाबतीत ते फसवं आहे आणि तेही मी लगेच सांगितलं. पाण्याच्या टाकीतलं शेवटचं लिटरही वापरता येतं. हवेच्या टाकीतली बहुतेक हवा उपयोगाची नसते. मशीनला साडेपाच किलो लागत असतील आणि टाकीत सहा असतील, तर कामाला येते फक्त मधल्या अर्ध्या किलोची हवा. हजार लिटरची टाकी एक किलोने उतरली, तर हजार लिटर मोकळी हवा देते. अर्ध्या किलोने उतरली तर पाचशे. बाकीची हवा आत बसून फक्त दाब धरून ठेवते. म्हणून टाकीचा आकार ठरवताना पहिला प्रश्न हा, की आपल्याला किती किलो उतरलेलं चालतं? आम्हाला शॉटमागे ३०० लिटर हवे होते. ६०० लिटरच्या टाकीत अर्धा किलो पडला असता, हजारच्या टाकीत पाव किलोच्या थोडं वर. मी हजारची मागितली.

आणि कॉम्प्रेसरपाशी आणखी एक, २००० लिटरची. ती का, ते सांगतो. आमचा कॉम्प्रेसर ७.२ ला लोड व्हायचा आणि ८ ला अनलोड, म्हणजे हवा देणं थांबवायचा. मधल्या ०.८ किलोत ५०० लिटरची टाकी साठवणार ४०० लिटर. सेकंदाला ४६ लिटर खपात ते नऊ सेकंदांत संपायचे, पुढच्या तेरा सेकंदांत पुन्हा भरायचे. दर बावीस सेकंदांना एक फेरी, दिवसभर. त्या रूममध्ये उभं राहिलं की हे ऐकूच यायचं: फुस्स, मग पुन्हा घरघर, मग फुस्स. आता तेलाचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड झाल्याबरोबर हलका होत नाही. आधी त्याच्या तेलाच्या टाकीतला दाब उतरावा लागतो, त्याला आमच्या मशीनवर पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. पूर्ण हलका झाल्यावरही तो लोडच्या पाव ते एकतृतीयांश वीज खात असतो. आमच्याकडे तो नऊ सेकंदांत परत लोडवर जायचा, म्हणजे हलका होण्याची वेळ कधी येतच नव्हती. ॲमीटरवर याचा नीट अंदाज येत नाही, कारण मोटर रिकामी फिरतानाही बराच करंट खेचते. युनिटचं मीटर लावलं तेव्हा खरा खर्च कळला. जुन्या ठोकताळ्यात सीएफएमला चार लिटर टाकी पुरे म्हणतात. लोड-अनलोडवर चालणाऱ्या स्क्रूला त्याच्या तिप्पट-चौपट तरी लागते, आमच्याकडे तर तीन लिटरही नव्हते.

दोन्ही टाक्यांचा खर्च कॉम्प्रेसरच्या कोटेशनच्या पाचव्या हिश्श्यातही बसत होता. तरी मालक ते मालकच. "भंगारात चांगल्या टाक्या येतात की. आपल्या वळखीचा हाय." बघायला गेलो. टाकी ऐटीत उभी, ताजा निळा रंग मारलेली. नेमप्लेट मात्र गायब. नेमप्लेट नाही म्हणजे डिझाइन प्रेशर माहीत नाही, टेस्ट कधी झाली माहीत नाही, साल माहीत नाही. सोबत जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक गेज नेलं होतं. मधल्या शेलवर सहा मिलिमीटर लागलं. गुडघ्यावर बसून खालच्या डिशला (टाकीच्या गोलसर बुडाला) प्रोब लावला, तर एका जागी ३.८. पाणी तळाशी बसतं, गंज आतून तळालाच खातो आणि बाहेरून रंग झकास दिसत राहतो. मालकांना तो आकडा दाखवला. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "चला" म्हणाले. परत त्या विषयावर बोलणं झालं नाही. हवेच्या टाकीत दाबलेल्या स्प्रिंगएवढीच नव्हे, त्याहून कितीतरी जास्त ताकद कोंडलेली असते. म्हणूनच तिची टेस्ट पाण्याने घेतात: पाणी जवळपास दाबलं जात नाही, टाकी तडकली तरी पाणी फक्त गळतं.

नव्या टाक्या टेस्ट सर्टिफिकेटसह आल्या. तेव्हाच्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ खाली हे प्रेशर प्लांट होतं, त्यामुळे काँपिटंट पर्सनकडून (मान्यताप्राप्त तपासनीसाकडून) तपासून घेणं आलंच. त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो ते बघितलं, टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये कुठला बंद करता येणारा व्हॉल्व्ह नाही ना ते बघितलं आणि कागद दिला. हे दुसरं बऱ्याच ठिकाणी चुकलेलं असतं. मेंटेनन्सला सोपं पडावं म्हणून कुणीतरी मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह टाकतो, आणि एक दिवस तो बंदच राहतो.

सुट्टीच्या दिवशी हायड्रा क्रेन बोलावून मोठी टाकी उभी केली. शेडच्या उत्तरेला, सावलीत, कॉम्प्रेसर आणि ड्रायरच्या (हवा कोरडी करणाऱ्या मशीनच्या) मध्ये. गरम, ओली हवा इथे थोडी थंडावते आणि पाणी ड्रायरच्या आधीच खाली बसतं. जुनी ५०० ची साफ करून, तीही तपासून ड्रायरच्या पुढे नेली. साठा सगळाच ड्रायरच्या मागे ठेवला, तर एकदम मागणी आल्यावर ती सगळी हवा ड्रायरमधून त्याच्या कुवतीपेक्षा जोरात पळते आणि ओलीच पुढे जाते. थोडी कोरडी हवा पुढे साठलेली असावी.

पाण्याचा हिशेब कोल्हापूरच्या पावसाळ्यात डोळे उघडणारा आहे. २८ अंश, ८५ टक्के दमट हवा म्हणजे घनमीटरला २३ ग्रॅम वाफ. आम्ही तासाला १६६ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे पावणेचार लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. दाबून चाळीस अंशांपर्यंत थंड केल्यावर त्यातलं लिटर-सव्वा लिटरच वाफ म्हणून टिकतं, बाकी अडीच लिटर दर तासाला पाणी होतं. दहा तासांच्या पाळीत दोन कळश्या. काही सेपरेटर पकडतो, काही टाकी. ड्रेन चालू नसेल तर ते जातं कुठे, हे त्या बादल्यांनी दाखवलंच होतं. आता दोन्ही टाक्यांना ऑटो ड्रेन आहे, पण मामा सकाळी आल्या आल्या हाताने कॉक उघडूनही बघतात. ऑटो ड्रेन वाळू-गंजाने अडकतो, यावर त्यांचा जितका विश्वास आहे तितका कशावरच नाही.

खरी गंमत शूटरशेजारच्या टाकीची. टाकी नुसती लाइनला टी मारून जोडली असती, तर फेटलिंगमधले (कास्टिंग घासून साफ करतात तिथले) ग्राइंडर सुरू झाल्यावर तिच्यातलीच हवा उलटी तिकडे गेली असती. म्हणून आत येणाऱ्या बाजूला एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्याच्या आधी एक ग्लोब व्हॉल्व्ह, मुद्दाम चेपलेला, म्हणजे टाकी सावकाश भरेल. बाहेर जाणाऱ्या बाजूला उलट: दोन इंची पाइप, तीन मीटरच्या आत, मध्ये कुठलं अरुंद वळण नाही. भरायचं हळू, द्यायचं झटक्यात. मागची एक इंची लाइन बदलावी लागणार असं सगळे धरून चालले होते, ती बदललीच नाही. सेकंदाला पाच लिटरला एक इंच भरपूर होतो.

तो ग्लोब व्हॉल्व्ह लावण्यात आमची एक दुपार गेली. मामा चाकावर, मी गेजसमोर, ऑपरेटर शॉट मारतोय. सुरुवातीला पूर्ण उघडा ठेवला: काटा पडला आणि दहा सेकंदांत भरून वर आला, पण तिकडे मोल्डिंगच्या गेजवर अजून हिसका बसत होता. मामांनी पाव फेरा चेपला. पुन्हा शॉट. आणखी पाव. शेवटी जास्तच चेपला गेला, तेव्हा पुढचा शॉट आला तरी काटा पूर्ण वर चढलेला नव्हता, आणि प्रत्येक शॉटला तो थोडा थोडा खालीच सरकत गेला. तिथून किंचित उघडला. आता शॉट झाला की काटा तीन बारीक रेघा खाली येतो, म्हणजे ०.३ किलो, आणि मग पन्नासेक सेकंद कासवाच्या गतीने चढतो. वर पोचतो तेवढ्यात पुढचा शॉट. मोल्डिंगच्या गेजवर काटा हलतही नाही. मामांनी चाकाला तार बांधून टाकली, "कुणी हात लावायचा न्हाई" असं बजावून.

त्यानंतर सेटिंग हळूहळू उतरवलं. आता ६ ला लोड, ६.८ ला अनलोड. सर्वांत वाईट वेळीही शूटरला ५.७ मिळतात, त्याला साडेपाच पुरतात. कॉम्प्रेसर रूममधलं फुस्स-घरघर थंडावलं. एक फेरी आता पावणेदोन मिनिटांवर गेली आणि अनलोड झाल्यावर मशीनला खरंच हलकं व्हायला वेळ मिळतो.

मोठ्या टाकीचा एक फायदा मी धरलाच नव्हता. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून, लाइन भरून, कॉम्प्रेसर थांबवला, की दाब एक किलोने उतरायला किती वेळ लागतो यावरून गळती काढता येते. २५०० लिटर एक किलोने उतरायला साडेतीन मिनिटं लागली. सेकंदाला जवळपास बारा लिटर गळती, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेचा सहावा-सातवा हिस्सा नुसता वाऱ्यावर. शूटरची हजारची टाकी त्या वेळी बंद करून ठेवली होती, नाहीतर हिशेब चुकला असता. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मामा पोरांना घेऊन फिरले. बहुतेक गळती पीयू पाइपच्या पुश फिटिंगमध्ये आणि फेटलिंगच्या होजच्या क्लिपांमध्ये सापडली.

टाक्यांचं कौतुक मालकांनी एवढं मनावर घेतलं की गेल्या दिवाळीनंतर फेटलिंगला तीन मोठे एअर ग्राइंडर वाढवले आणि हवा पुन्हा पडायला लागली, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "अजून एक दोन हजारची टाकी टाकू या की." लोड तास बघितले तर ग्राइंडर चालू असताना कॉम्प्रेसर सलग लोडवर, अनलोडचा पत्ता नाही. खप काढला, सेकंदाला ९० लिटर, तयार होतात ७७. दर सेकंदाला तेरा लिटरचा खड्डा. कागदावर त्यांच्यासमोरच भागाकार केला: दोन हजारची टाकी एक किलोने उतरेपर्यंत दोन हजार लिटर देणार, म्हणजे अडीच मिनिटं. फेटलिंग चालतं चार तास.

"म्हणजे अडीच मिनिटांसाठी एवढी टाकी?"

"होय अण्णा. आणि नंतर ती भरायला शिलकीची हवा आणायची कुठून?"

त्यांनी कागद उलटा करून पुन्हा एकदा बघितला. पुढच्या आठवड्यात १५ किलोवॅटच्या छोट्या कॉम्प्रेसरची ऑर्डर गेली, फक्त फेटलिंगच्या वेळी चालवायला. तो त्याच २००० च्या टाकीला जोडणार आहोत. टाकीला जादा नोझल आधीच ठेवून घेतलं होतं.